सड्यावरची गल

पूर्णगडच्या किल्ल्याला समुद्राच्या अंगाने एक दरवाजा आहे. तिथे उभं राहिलं की समोर अरबी समुद्र, डाव्या हाताला मुचकुंदीची खाडी आणि खाडीपलीकडे गावखडीचं सुरूचं बन दिसतं. संध्याकाळी एक गृहस्थ तिथे येतात. वय साठीला टेकलेलं, उजवा पाय जरा ओढत चालणारे. वाकून चिमूटभर सुकं गवत उपटतात, छातीच्या उंचीवर धरून सोडतात आणि ते कुठे जातं ते पाहतात. मग स्वतःशीच म्हणतात, "एक क्लब जादा." समोरून वारा आहे, नेहमीपेक्षा एक नंबर लांब मारणारी काठी घ्या, असा त्याचा अर्थ. त्यांच्या हातात काठी नसते, पायाशी बॉल नसतो. बत्तीस वर्षांची सवय आहे, सुटत नाही.

ही बत्तीस वर्षं त्यांनी मुंबईत गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून काढली. खेळणाऱ्याची बॅग खांद्याला लावायची, बॉल कुठे पडला ते दाखवायचं, झेंडा किती यार्डांवर आहे ते सांगायचं, आणि विचारलं तर कुठली काठी घ्यावी तेही सांगायचं. पूर्णगडला हे काम काय असतं ते कुणाला समजावून सांगताना अजूनही त्यांची पंचाईत होते. पण एकदा बोलायला बसले की समजतं, या माणसाने एक खेळ जितका जवळून पाहिला तितका तो खेळणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी पाहिला असेल.

१९८५ साली ते एस.टी.ने मुंबईला गेले. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरही धड नव्हती. काळाचौकीला काकांची खोली होती. काका गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ओळखीतून एका गोल्फ क्लबात माळ्याचं काम मिळालं. पुतण्या आला तेव्हा काकांनी त्याला तिथेच कॅडी शेडमध्ये बसवलं. पहिल्या दिवशी काकांनी ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नेऊन झेंड्याची काठी उपसून दाखवली. खाली गोल, सरळ कापलेला खड्डा.

"ही तर गल," पोरगा म्हणाला.

गोट्या खेळताना अंगणात टाच फिरवून केलेली गल त्याला माहीत होती. फरक एवढाच, की इथली गल मोजून केलेली. १०८ मिलिमीटर व्यासाची, जगात कुठेही गेलात तरी तेवढीच. स्कॉटलंडच्या मसलबरा गावात १८२९ सालचं गल पाडायचं यंत्र अजून जपून ठेवलंय. त्याचं माप तेव्हा हाताशी असलेल्या पन्हाळीच्या नळीवरून आलं असं सांगतात, आणि १८९१ साली सेंट अँड्रूजच्या मंडळींनी तेच सगळ्यांसाठी कायम केलं. हे सगळं कॅडीला फार नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते इतकंच, की साहेब लोकांचा हा खेळ आपल्या अंगणातल्या खेळाचा भाऊबंद आहे. त्यानंतर त्या हिरवळीची भीती वाटली नाही, असं ते सांगतात.

नवख्याला आधी बॅग मिळत नाही. त्याला आगेवाला करतात. खेळणारा टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, उभा असतो, आगेवाला दोनशे यार्ड पुढे, बॉल पडेल त्याच्या आसपास. बॉल येतो तो ठिपका म्हणून. आकाशात हरवतो, झाडीच्या काळोखात हरवतो. पहिल्या आठवड्यात त्याने तीन बॉल हरवले आणि पैसे कापले गेले. मग एका जुन्या कॅडीने शिकवलं: बॉलच्या मागे मान फिरवू नकोस. तो ज्या झाडाच्या रेषेत उतरला ते झाड धर, त्याच्यामागचं दुसरं झाड धर, आणि थांबेपर्यंत नजर हलवू नकोस. त्या दोन झाडांच्या रेषेत चालत गेलास की बॉल पायाशी. होडीवरचे लोक किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून मासळीची जागा ओळखतात, ते पोराने लहानपणापासून पाहिलं होतं. तीच ही युक्ती. हरवलेला बॉल शोधायला तेव्हा पाच मिनिटं मिळायची. २०१९ पासून नियम बदलला, तीनच मिळतात. त्यांना पाचही कधी लागली नाहीत.

खेळणाऱ्याला आवडता होल, म्हणजे टीपासून गलीपर्यंतचा टप्पा, विचारला तर तो बहुधा जिथे त्याचा फटका जमला तो सांगतो. कॅडीचं तसं नाही. त्याला रोज तेच अठरा होल चालायचे असतात, वेगवेगळ्या माणसांबरोबर, पुन्हा पुन्हा. चढावरचे होल नावडते, कारण पूर्ण भरलेली बॅग बारा-पंधरा किलोची. झाडाखाली थांबता येतं असे होल आवडते. पण खरा आवडता होल तो, जिथे जमीन माणसाला प्रश्न विचारते आणि उत्तर एकापेक्षा जास्त असतं.

त्यांचा असा होल म्हणजे जुन्या क्लबातला चौदावा. लांबी ३१० यार्ड, पार चार. म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत बॉल गलीत घालावा अशी अपेक्षा. मध्यावर फेअरवे, गवत कापलेली खेळायची वाट, उजवीकडे वळतो आणि वळणाच्या कोपऱ्यावर एक जुनी चिंच. चिंचेवरून बॉल उडवला तर जवळजवळ ग्रीनपर्यंत. नाही उडाला तर फांद्यांत, मुळांत, नाहीतर पलीकडच्या नाल्यात.

एक बँकेतले मॅनेजर दर रविवारी यायचे. हँडिकॅप अठरा, म्हणजे दर होलला साधारण एक फटका जास्त लागणारा, अगदी मधल्या फळीतला हौशी माणूस. हँडिकॅपची हीच गंमत, की त्यांच्यासारखा माणूस चांगल्या खेळाडूशीही बरोबरीने सामना खेळू शकतो. फरकाचे फटके आधीच वजा होतात. वर्षानुवर्षं ते चिंचेवरून मारायचे आणि वर्षानुवर्षं बॉल चिंचेत जायचा. कॅडी काही बोलायचा नाही. विचारल्याशिवाय बोलू नये, हा या कामाचा पहिला नियम. एका रविवारी त्यांनी टीवर वळून विचारलं, "तू असतास तर काय मारलं असतंस?"

"सात नंबर. आणि मग परत सात नंबर."

दोन फटक्यांत बॉल ग्रीनच्या तोंडाशी. एक हलका टोला, मग ग्रीनवरून गलीत ढकलणारा एक पट. चार. मॅनेजरांनी टोपी काढली आणि कॅडीचा हात हातात घेतला.

पुढच्या रविवारी ते टीवर आले, बॅगेतून ड्रायव्हर काढला, आणि बॉल चिंचेत. मागे वळून म्हणाले, "माफ कर. पण मी आठवडाभर या झाडासाठीच थांबतो." कॅडीला तो दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. सल्ला बरोबर असणं एक, आणि समोरच्या माणसाला काय हवंय ते ओळखणं दुसरं. हौशी खेळाडू नेहमी आकड्यासाठीच येतो असं नाही. पुढे ते कुणाचीही बॅग घेतली की पहिल्या तीन होलांत फक्त बघायचे, हा माणूस इथे कशासाठी आला आहे.

ग्रीनवरचा उतार वाचणं ही त्यांची खासियत होती. मुंबईतल्या मैदानांवर नवखा खेळाडू झेंड्याकडे बघतो आणि सरळ मारतो. बॉल शेवटच्या हातभर अंतरात वळतो आणि गलीच्या ओठावरून निघून जातो. कॅडी ग्रीनच्या खालच्या कडेला जाऊन उकिडवा बसायचा आणि मनातल्या मनात कळशीभर पाणी ओतायचा. पाणी कुठे जाईल? माडा-पोफळींच्या बागेत शिपणं करताना पाटाचं पाणी कुठल्या आळ्यात आधी शिरेल हे लहानपणापासून बघितलेल्या पोराला हे अवघड गेलं नाही. नंतर गवताचा कल समजला: पाती ज्या बाजूला झुकलेली असतात त्या बाजूला बॉल जास्त धावतो, उलट बाजूला अडतो. गवत एका अंगाने पाहिलं तर चकाकतं, दुसऱ्या अंगाने गडद दिसतं. चकाकलं तर कल आपल्यापासून दूर, म्हणजे हलका हात.

एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांना लांब मारता येत नसे, पण ग्रीनवर त्या कॅडीशेजारी उकिडव्या बसायच्या आणि म्हणायच्या, "दादा, पाणी कुठे जातंय?" ज्या क्लबात कॅडीला नावाने हाक मारणारे थोडे, तिथे हे "दादा" त्यांना अजून ऐकू येतं.

आता एक गोष्ट, जी त्यांनी स्वतःहून सांगितली आणि छापा म्हणाले.

कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका स्पर्धेत त्यांच्या खेळाडूचा बॉल झाडाच्या मुळाला टेकून थांबला. कॅडी आधी पोचला. आजूबाजूला कुणी नाही असं वाटलं. पायाने बॉल वीतभर सरकवला. बक्षिसी चांगली मिळेल, एवढाच विचार. खेळाडूला काही कळलं नाही, फटका सुरेख बसला. पण प्रतिस्पर्धी, एक वयस्कर गृहस्थ, दुसऱ्या बाजूने येत होते. त्यांनी पाहिलं असावं. ते बोलले नाहीत. दोन होलांनंतर त्यांचा स्वतःचा बॉल रफमध्ये, कडेच्या वाढलेल्या गवतात, काठी टेकवताना किंचित हलला. कुणालाही दिसलं नसतं. त्यांनी हात वर केला, "माझा बॉल हलला, एक फटका लावा," म्हणाले, आणि कॅडीकडे एकदाच पाहिलं. सामना ते एका फटक्याने हरले.

गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच शेजारी नसतो. १९२५ साली अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने असाच स्वतःवर एक फटका लावून घेतला होता आणि अखेर ती स्पर्धा प्लेऑफमध्ये गमावली. जोन्स हौशी खेळाडू म्हणूनच स्पर्धा खेळला, १९३० साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मोठ्या स्पर्धांतून बाहेर पडला. ही कथा गोल्फच्या जगात सगळे सांगतात. कॅडीला ती कळायला कुठलं पुस्तक लागलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या खेळाडूला जाऊन खरं सांगितलं. महिनाभर त्यांना बॅग मिळाली नाही. घरी पैसे पाठवता आले नाहीत आणि काकांकडे उधारी झाली. पुन्हा त्यांनी बॉलला पाय लावला नाही.

सोमवार मात्र कॅडींचा. देखभालीसाठी कोर्स बंद, आणि त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा. एकाकडे पटर, दुसऱ्याकडे कुणी टाकून दिलेला पाच नंबर, तिसऱ्याकडे दांडा जोडलेला ड्रायव्हर. नियमाने एका खेळाडूला चौदा काठ्या चालतात. इथे चौघांत मिळून सहा. त्यामुळे फटका वाकवायला, दाबून मारायला, अर्ध्या हाताने मारायला शिकावं लागे. मुंबईच्या चेंबूर भागात तर कॅडींच्या पोरांनी बांधकामाच्या सळया वाकवून काठ्या केल्या आणि प्लॅस्टिकच्या बॉलवर गल्ल्याबोळांत डाव मांडले. हा झोपडपट्टीतला गोल्फ पुढे बातम्यांतून जगभर गेला.

१९९१ साली दिल्लीच्या अली शेरने इंडियन ओपन जिंकली. कॅडी म्हणून वाढलेला माणूस. ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तोच. त्याआधी १९६५ साली पी. जी. सेठींनी ती जिंकली होती, तेही हौशी खेळाडू म्हणून. बातमी कॅडी शेडमध्ये पोचली त्या दिवशी, ते सांगतात, नंबर लावायला कुणी धावलं नाही. सगळे एकच वर्तमानपत्र हातोहात फिरवत बसले होते. १९९३ साली अली शेरने ती पुन्हा जिंकली. पुढे कोलकात्याच्या ग्रीनकीपरचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं जिंकली. शेडमधल्या किती पोरांच्या अंगात तेवढा खेळ होता? सोमवारशिवाय खेळायलाच मिळालं नाही, तर ते कळणार कसं?

इथे या खेळाचं खरं दुखणं आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे गोल्फ कुंपणाच्या आत वाढला. कोलकात्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पण कुणीही पैसे भरून खेळावं असा देशातला पहिला सार्वजनिक कोर्स, दिल्लीच्या लाडोसरायचा कुतुब, उघडला तो २००० साली. मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षं सामान्य माणूस आत आला तो बहुधा बॅग उचलायला, नाहीतर गवत कापायला. ज्या गावाला गोल्फचं माहेर म्हणतात त्या सेंट अँड्रूजचा जुना कोर्स सार्वजनिक आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवरून फिरतात. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज इथला काळा कोर्स सरकारी उद्यानातला. २००२ साली तिथे अमेरिकन ओपन झाली, आणि एरवी साधी माणसं नंबर मिळावा म्हणून आदल्या रात्री गाडीतच झोपतात.

आपल्या बाजूला खारघरला सिडकोने डोंगरांच्या कुशीत कोर्स केला आणि तो २०१२ साली खुला झाला. सभासद नसलेल्याला फी भरून खेळता येतं. तो उघडल्यावर काही महिन्यांनी आमचे कॅडी आयुष्यात पहिल्यांदा खेळाडू म्हणून टीवर उभे राहिले. पैसे साठवले होते, बूट मुलाने घेऊन दिले होते. तिथल्या कॅडी पोराने बॅग उचलायला हात पुढे केला, तर यांना ती सोडवेना. शेवटी दोघांनी बॅगेचा पट्टा आळीपाळीने खांद्यावर घेतला.

त्या दिवशी डोंगराकडे तोंड करून खेळायचा एक होल त्यांच्या मनात भरला. पावसाळा नुकताच सरला होता, कडे अजून हिरवे. एवढा मोठा डोंगर मागे असला की झेंडा जवळ वाटतो. माणूस लहान काठी घेतो आणि बॉल अलीकडेच पडतो. ग्रीनवर तर डोळे आणखी फसवतात. चढ दिसतो तिथे उतार असतो, कारण जमीन डोंगरापासून दूर उतरते. त्या पोराने दोन्ही गोष्टी न विचारता ओळखल्या होत्या, पण गप्प होता. यांनी मुद्दाम विचारलं, "भाऊ, काय मारू?" पोराने सांगितलं ते त्यांच्या मनातलंच होतं. पाच फटके लागले, पारला एक जास्त. चौदाव्यावरच्या चिंचेनंतर हा त्यांचा दुसरा आवडता होल. जुन्या क्लबात आयुष्य गेलं, पण तिथला एकही होल त्यांनी रविवारी खेळलेला नाही, हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र ते टोचतं, आणि टोचायलाच हवं.

कॅडी हा बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. बॅग मिळाली तर पैसे. पावसाळ्यात मैदान चिखल झालं की कमाई अर्ध्यावर. हल्ली गाड्या आल्या, दोन खेळाडूंच्या बॅगा एका गाडीवर जातात आणि एक कॅडी रिकामा बसतो. गुडघा गेला की काम गेलं. त्यांचा २०१७ साली गेला. निवृत्तिवेतन नाही, निरोप समारंभ नाही. जुने बँक मॅनेजर तेवढे घरी आले आणि आपला सात नंबर देऊन गेले.

तो सात नंबर पूर्णगडला आहे. घरामागे सडा, जांभा दगडाचा, त्यावर बॉल टाकला तर दगडासारखा उसळतो. पण सड्याच्या खोलगट भागात माती साठते, तिथे भाताची मळी आहे. कापणी झाली की दिवाळीच्या सुमाराला ते पुतण्याच्या पोरांना घेऊन तिथे तीन होल मांडतात. ग्रीनसाठी हिरवळ नाही. मार्च-एप्रिलात विहिरींचा तळ दिसतो अशा गावात गवताला पाणी घालणं पाप आहे, असं ते स्पष्ट म्हणतात. कोकणात सड्यांवर हिरवे कोर्स करू पाहणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं. त्याऐवजी ते खळं करतात. माती चोपण्याने चोपून बसवायची, शेणाने सारवायची, वाळू द्यायची. बॉल त्यावरून इतका सरळ धावतो की चांगल्या ग्रीनला लाजवेल. देशात कित्येक कोरड्या मैदानांवर गवताऐवजी वाळूचे असेच ग्रीन असतात, त्यांना ब्राऊन म्हणतात. हे शेणाने सारवलेलं त्याचंच कोकणी रूप. गलीसाठी नळकामातल्या ११० मिलिमीटरच्या पाइपचा तुकडा. मापाला जवळजवळ अचूक.

तिसरा होल सगळ्यात अवघड. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि बॉल मागे ढकलतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, तेव्हा तोच बॉल कुंपणापलीकडे काजूत. पोरं टीवर उभी राहतात, चिमूटभर गवत सोडतात आणि त्यांच्याकडे बघतात. ते काही बोलत नाहीत. विचारलं तर सांगतात.

पूर्णगडला येणार असाल तर दिवाळीनंतर या, मेच्या अखेरीपर्यंत. पावसात खळं मोडतं आणि मळीत पुन्हा भात लागतो. आणि खारघरला किंवा आणखी कुठे खेळायला जाणार असाल, तर पहिल्या टीवर बॅग उचलणाऱ्याला त्याचं नाव विचारा, आणि त्याचा आवडता होल कुठला तेही.